जुन्या लॅपटॉपचा सिरियल पोर्ट तपासताना: वायरलेस सेटला हात सगळ्यांत शेवटी

वायरलेस सेट लॅपटॉपला जोडून त्यात चॅनल भरायला बसलेल्या माणसाकडून ‘रीड व्हत नही भो’, म्हणजे सेट वाचला जात नाही, एवढंच फोनवर सांगितलं जातं. पुढे विचारलं की कळतं, केबल बदलून झाली, सॉफ्टवेअर दोनदा टाकून झालं, विंडोज नव्याने भरून झाली आणि आता सेट उघडायची तयारी चालू आहे. लॅपटॉपचा सिरियल पोर्ट (केबल लावायची नऊ पिनांची जुनी जागा) बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू आहे का, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

खानदेशात जुने ॲनालॉग सेट अजून कामावर आहेत. मोटोरोलाचे जीपी३००, जीएम३००, जीपी३२८, जीपी३३८, केनवुड आणि आयकॉमचे हँडसेट कारखान्यांत, जिनिंगमध्ये, सुरक्षा एजन्सींकडे आणि यात्रेच्या बंदोबस्तात दिसतात. सेट लवकर मरत नाहीत. चॅनल बदलायची वेळ आली की नऊ पिनांचा खरा सिरियल पोर्ट असलेला लॅपटॉप लागतो, आणि तो जळगावच्या गोलाणी मार्केटमधून किंवा कुणाच्या माळ्यावरून येतो. त्याचा पोर्ट चालतो की नाही, याची खात्री कोणी देत नाही.

इथे दिलेला क्रम लॅपटॉपपासून बाहेर जातो: बायोस, विंडोज किंवा डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम), पोर्टची पिन, केबल आणि शेवटी सेट. क्रम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काम झालं तरी कशामुळे झालं ते कळणार नाही आणि पुढच्या सेटला पुन्हा तोच गोंधळ होईल.

तयारी

टेबलावर आधी हे असू द्या:

- डिजिटल मल्टिमीटर.
- नऊ पिनांचे दोन फीमेल कनेक्टर, सोल्डर करता येतील असे.
- ३.३ किलोओहम आणि १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.
- वही. कोणत्या लॅपटॉपवर, कोणत्या केबलने, कोणता सेट वाचला गेला, ते त्यात लिहायचं.
- सेटसाठी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि अँटेनाच्या जागी डमी लोड (सेटची पॉवर हवेत न सोडता झेलणारा रेझिस्टर).

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेलीच असते. लाइट गेली की लॅपटॉप तिथल्या तिथे बंद पडतो, आणि तेव्हा सेटमध्ये डेटा लिहिणं चालू असेल तर सेटही अर्धवट राहतो. त्यामुळे यूपीएस हवाच. घरचा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर किती पटकन उचलतो, ते आधी लॅपटॉप लावून, मेनस्विच पाडून बघा. लॅपटॉप एकदा जरी बंद पडला तरी त्या इन्व्हर्टरवर प्रोग्रामिंग करायचं नाही.

दुसरा मुद्दा अर्थिंगचा. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला कुणी जात नाही. अर्थिंग नसेल, किंवा अ‍ॅडॉप्टरची पिनच दोनटांगी असेल, तर अ‍ॅडॉप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या भागावर मेनच्या जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. हात लावला की मुंग्या येतात, त्या यामुळेच. करंट फार थोडा असतो, मुंग्यांपलीकडे माणसाला तो फारसा जाणवत नाही, पण केबल जोडताना ग्राउंडआधी सिग्नलची पिन टेकली तर तोच करंट पोर्टच्या किंवा सेटच्या चिपमधून जातो. सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, ते फेज आणि अर्थ यांत मल्टिमीटर धरून बघा. २३०च्या आसपास आकडा आला पाहिजे.

> इशारा: केबल जोडताना आणि काढताना लॅपटॉप, सेट आणि सेटचा पॉवर सप्लाय तिन्ही बंद. चालू मशीनवर केबल खुपसायची सवय हे पोर्ट जळण्याचं माझ्या मते पहिलं कारण आहे.

आणि फ्रिक्वेन्सी. ज्याचा सेट आहे त्याच्या परवान्यातलीच फ्रिक्वेन्सी भरायची. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगचा असतो, त्याची प्रत मागून घ्या. ‘शेजारच्या कारखान्याचीच टाका’ असं म्हणणारं गिऱ्हाईक परत पाठवलेलं बरं.

टप्पा १: सॉफ्टवेअर डॉसचं की विंडोजचं, ते ठरवा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून हे पहिलं.

जीपी३००, जीएम३०० या पिढीचं सॉफ्टवेअर डॉसचं आहे. ते विंडोजला न विचारता थेट पोर्टच्या चिपशी बोलतं आणि वेळ मोजण्यासाठी प्रोसेसरच्या वेगावर विसंबतं. म्हणून दोन गोष्टी होतात. एक, विंडोज एक्सपीच्या काळ्या खिडकीत ते उघडतं, मेनू दिसतो, सगळं छान वाटतं आणि सेट वाचायला गेलं की एरर येते, कारण मध्ये विंडोज बसलेली असते. दोन, मशीन फार वेगवान असेल तर खऱ्या डॉसमध्येही तीच एरर येते. ४८६ किंवा सुरुवातीच्या पेंटियमच्या काळातला लॅपटॉप या कामाला सरस ठरतो. त्याहून नवा असेल तर वेग कमी करणारा ‘मोस्लो’सारखा प्रोग्राम आधी चालवावा लागतो. काही बायोसमध्ये प्रोसेसरची कॅश (त्याची जलद मेमरी) बंद करता येते, त्यानेही वेग खूप उतरतो.

खरा डॉस म्हणजे डॉस ६.२२च्या किंवा विंडोज ९८च्या बूट फ्लॉपीवरून मशीन चालू करणं. विंडोजमधून ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडणं म्हणजे डॉस नव्हे.

जीपी३२८, जीपी३३८ आणि त्यानंतरच्या सेटचं सॉफ्टवेअर विंडोजचं. त्याला एक्सपी असलेला, डेल लॅटिट्यूड डी६०० ते डी६३० या घराण्यातला लॅपटॉप उत्तम. या मशीनना मागे सिरियल पोर्ट असतो आणि सुटे भाग अजून मिळतात.

जीपी३००साठी ‘जुन्यातला चांगला’ म्हणून कोअर टू ड्युओ घेऊन येणारे बरेच आहेत. पोर्ट ठणठणीत असूनही ते अडकतात. दोन्ही पिढ्यांचे सेट हाताळायचे असतील तर दोन लॅपटॉप ठेवा. एकातच दोन्ही बसवण्याचा खटाटोप परवडत नाही.

टप्पा २: बायोस

मशीन चालू होताना डेलवर एफ२, थिंकपॅडवर एफ१ दाबून आत जा. सिरियल पोर्टची ओळ शोधा. मॉडेलप्रमाणे ती वेगवेगळ्या पानावर असते. तिथे ‘ऑफ’ किंवा ‘डिसेबल्ड’ दिसलं तर दुखणं सापडलं. काही जुन्या थिंकपॅडवर पोर्ट मुळातच बंद करून दिलेला असतो.

‘ऑटो’ असेल तर तेही बदला आणि ठामपणे कॉम१ (पहिल्या सिरियल पोर्टचं नाव) द्या: पत्ता ३एफ८, आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधायची तार) ४. ऑटोमध्ये मशीन आपल्या सोयीने पोर्ट दुसरीकडे हलवू शकतं, आणि डॉसच्या जुन्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही.

त्याच पानावर इन्फ्रारेड पोर्ट असतो. तो बंद करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो कॉम२ची जागा अडवून बसतो, आणि काहींमध्ये सिरियल आणि इन्फ्रारेड एकाच चिपवर असतात, एक चालू केला की दुसरा बंद. आतला मोडेम कॉम३ घेऊन बसला असेल तर तोही बंद करा. कॉम१ आणि कॉम३ जुन्या पद्धतीत एकच आयआरक्यू ४ वाटून घेतात, कॉम२ आणि कॉम४ आयआरक्यू ३. डॉसमध्ये ही वाटणी भांडण लावते.

सेव्ह करून बाहेर या, मशीन पूर्ण बंद करा, अ‍ॅडॉप्टर काढा, पाच मिनिटांनी चालू करून पुन्हा बायोसमध्ये जा.

> तपासणी: तारीख-वेळ बरोबर आहे का? कॉम१ तसाच आहे का? तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात गेली असेल तर बोर्डावरचा, बायोसचं सेटिंग जपणारा सीमॉसचा छोटा सेल संपला आहे. अ‍ॅडॉप्टर काढला की सेटिंग पुसलं जातं आणि पोर्ट मूळ अवस्थेत, म्हणजे कदाचित बंद अवस्थेत, परत जातो.

‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा याच सेलमध्ये सापडतं. साधारणपणे तो सीआर२०३२ असतो, पण लॅपटॉपमध्ये वायर आणि छोटा कनेक्टर लावलेला येतो. तसाच मिळाला तर बरं. नाहीतर टॅब वेल्ड केलेला सेल घेऊन वायर त्या टॅबला सोल्डर करा. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग करू नका, तो तापून फुगतो.

टप्पा ३: मशीनला पोर्ट दिसतो का?

डॉसमध्ये एक जुनी युक्ती आहे. ‘डीबग’ टाइप करून एंटर दाबा. समोर आडवी रेघ आली की ‘डी’, एक जागा सोडून ‘४०:०’, आणि पुन्हा एंटर. पहिल्या ओळीत सुरुवातीलाच ‘एफ८ ०३’ दिसलं तर बायोसने कॉम१ दिलेला आहे. तो ३एफ८ हाच पत्ता आहे, फक्त उलटा लिहिलेला. तिथे ‘०० ००’ असेल तर टप्पा २ वर परत जा, पुढे जाण्यात अर्थ नाही. बाहेर यायला ‘क्यू’.

एक्सपीमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘पोर्ट्स’ या शाखेखाली कम्युनिकेशन्स पोर्ट, कॉम१ दिसला पाहिजे. शाखाच नसेल तर बायोस. पिवळं चिन्ह असेल तर पोर्टवर उजवी क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा, विंडोज तो स्वतः परत शोधते.

पोर्ट दिसतो पण सॉफ्टवेअर म्हणतं ‘पोर्ट वापरात आहे’ किंवा ‘उघडता येत नाही’, अशा वेळी मागे लपून बसलेला प्रोग्राम शोधा. जुन्या फोनचे पीसी सूट, पॉकेट पीसीचं ॲक्टिव्हसिंक, यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, ब्लूटूथचे आभासी पोर्ट हे नेहमीचे संशयित. प्रोग्रामिंगच्या लॅपटॉपवर यातलं काहीच ठेवू नका. अँटिव्हायरस, वायफाय, गाणी, काहीच नको.

पोर्टच्या गुणधर्मांत बॉड रेट दिसतो आणि लोक तिथे आकडे बदलत बसतात. त्याचा इथे उपयोग नाही, प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर चालू झालं की स्वतःचा वेग स्वतः लावतं. त्याच्या शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड’ बटणामागे फिफो बफरची (डेटा रांगेत थांबवणाऱ्या जागेची) खूण आहे. सेट कधी वाचला जातो, कधी मधेच अडकतो, असं होत असेल तर ती खूण काढून बघा. वेळेबाबत काटेकोर असलेल्या काही सॉफ्टवेअरला त्याने फरक पडतो.

टप्पा ४: लूपबॅक

फीमेल कनेक्टरमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिना एका छोट्या वायरने जोडा. २ म्हणजे येणारा डेटा, ३ म्हणजे जाणारा. लॅपटॉपने जे पाठवलं ते त्यालाच परत मिळालं पाहिजे.

पिनांचे नंबर चुकतात, म्हणून नीट बघा. लॅपटॉपच्या पोर्टकडे समोरून पाहताना पाच पिनांची रांग वर धरली की डावीकडून १, २, ३, ४, ५ आणि खाली ६ ते ९. फीमेल कनेक्टर समोरून पाहिला तर हे आरशासारखं उलटतं. प्लास्टिकवर बारीक अक्षरात नंबर कोरलेले असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा आणि त्यावरच विश्वास ठेवा.

जोडण्याआधी पोर्ट साफ करा. जिनिंगच्या भागात वापरलेल्या लॅपटॉपच्या पोर्टमध्ये कापसाचा बारीक तंतू आणि धूळ मिळून चिकट थर बसतो. अल्कोहोल आणि ब्रश. हिरवट झालेली पिन चमकेपर्यंत घासा, पण सॅंडपेपर नको, वरचा मुलामा जातो आणि पिन आणखी लवकर गंजते. वाकलेली पिन एकाच प्रयत्नात हळूच सरळ करा. पुढेमागे केली तर तुटेल.

आता एक्सपीतलं हायपरटर्मिनल (पोर्टवर अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा प्रोग्राम) उघडा. कॉम१, ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, आणि फ्लो कंट्रोल ‘नन’. शेवटचं फार महत्त्वाचं. तिथे ‘हार्डवेअर’ राहिलं तर २-३ जोडूनही अक्षरं येणार नाहीत आणि चांगल्या पोर्टला तुम्ही खराब ठरवाल.

कीबोर्डवर काही टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटली पाहिजेत. लगेच वायर काढा आणि पुन्हा टाइप करा. आता काहीही उमटता कामा नये.

> तपासणी: वायर काढल्यावरही अक्षरं उमटत असतील तर हायपरटर्मिनलचा ‘लोकल एको’ (टाइप केलेलं स्वतःच पडद्यावर दाखवणं) चालू आहे. तो बंद करून चाचणी पुन्हा करा. निम्म्या लोकांची ‘पोर्ट पास झाला’ ही खात्री इथेच खोटी ठरते.

वेडीवाकडी अक्षरं आली तर बॉड रेटवर शंका घेऊ नका. लूपबॅकमध्ये पाठवणारा आणि घेणारा एकच आहे, दोघांचा वेग चुकला तरी सारखाच चुकणार. वेडी अक्षरं म्हणजे सैल जोड, खराब सोल्डर किंवा मरणपंथाला लागलेली चिप. कनेक्टर हळूच हलवून बघा. हलवल्यावर येत-जात असेल तर पोर्ट बोर्डाला जिथे सोल्डर केलेला आहे तिथे भेग आहे. वर्षानुवर्षं केबल स्क्रू न लावता लटकवली की असं होतं. जाणकाराकडून ते सांधे पुन्हा सोल्डर करून घ्या.

नंतर ७-८ आणि ४-६ या जोड्याही जोडून ठेवा. सॉफ्टवेअर या नियंत्रणाच्या तारा तपासत असेल तर हाच कनेक्टर पुढे कामाला येतो.

टप्पा ५: व्होल्टेज मोजा

बहुतेक जण लूपबॅक पास झाला की थांबतात. अडचण खरी इथून सुरू होते.

आरएस-२३२ या सिरियल पोर्टच्या सिग्नलच्या नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याने ३ ते ७ किलोओहमच्या लोडवर किमान ५ व्होल्ट, अधिक किंवा उणे, दिले पाहिजेत. घेणाऱ्याला ३ व्होल्ट पुरतात, आणि प्रत्यक्षात चिप त्याहून कमीवरही समजून घेते. म्हणजे पोर्ट अशक्त असला तरी स्वतःचंच बोलणं त्याला ऐकू येतं. लूपबॅक पास, पण केबलला पुरेसा जोर नाही.

केबलला जोर का लागतो? बाजारातल्या बऱ्याच प्रोग्रामिंग केबलींना वेगळी पॉवर नसते. त्यांच्या आत बसलेला व्होल्टेजची लेव्हल बदलणारा सर्किट पोर्टच्या ४ नंबर (डीटीआर) आणि ७ नंबर (आरटीएस) पिनांतून वीज घेतो. डेस्कटॉपच्या पोर्टवर जवळपास १२ व्होल्टचा सप्लाय असायचा, म्हणून तिथे या केबली धावायच्या. लॅपटॉपमध्ये वीज वाचवणारी चिप असते. ती ३ किंवा ५ व्होल्टवरून स्वतःच साडेपाच-सहा व्होल्ट तयार करते आणि थोडा लोड पडला की खाली बसते. ‘हीच केबल दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालते, लॅपटॉपवर नाही’ याचं कारण हे.

मोजायची पद्धत अशी. दुसऱ्या फीमेल कनेक्टरला ३, ४, ५ आणि ७ वर वायर सोल्डर करा, म्हणजे मल्टिमीटरची टोकं घसरून दोन पिना चिकटणार नाहीत. काळं टोक ५ वर, तेच ग्राउंड. हायपरटर्मिनल उघडं ठेवा.

१. पिन ३ वर काही न पाठवता उणे व्होल्टेज दिसलं पाहिजे, उणे ५ किंवा त्याहून खाली.
२. पिन ४ आणि ७ वर अधिक व्होल्टेज. ते उणे असेल तर टर्मिनलने ती ओळ उचललेली नाही, प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर उघडून पुन्हा मोजा.
३. पिन ४ आणि ५ मध्ये ३.३ किलोओहम लावून मोजा. ५ व्होल्टच्या खाली गेलं तर पोर्ट नियमातच बसत नाही.
४. तिथेच १ किलोओहम लावा. आकडा ४ व्होल्टच्याही खाली कोसळला तर विनापॉवरच्या केबलचा नाद या लॅपटॉपवर सोडा.

कोणतंही सॉफ्टवेअर उघडं नसताना सगळ्या पिनांवर शून्य दिसलं तर घाबरू नका. काही लॅपटॉपच्या चिप पलीकडे कोणी जोडलेलं नसलं की स्वतःहून झोपतात. पोर्ट उघडून मोजा. उघडल्यावरही पिन ३ शून्यावर असेल तर ड्रायव्हर चिप (पिनांना व्होल्टेज देणारी) गेली. तीच बदलायची असते, बोर्ड टाकायची गरज नाही.

> इशारा: पोर्टच्या पिना थेट सेटच्या डेटा पिनांना जोडायच्या नाहीत. सेटला ० ते ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी लागतं, पोर्ट उणे-अधिक देतो आणि सिग्नलचा अर्थही उलटा असतो. मधला सर्किट वगळून ‘तात्पुरतं’ जोडलेला सेट तात्पुरता राहत नाही.

टप्पा ६: केबल आणि रिब बॉक्स

मोटोरोलाच्या जुन्या सेटना लॅपटॉप आणि सेट यांच्यामध्ये रिब बॉक्स लागतो. तो आरएस-२३२चं ५ व्होल्टच्या एकाच तारेवरच्या बोलण्यात रूपांतर करतो. त्याला स्वतःची पॉवर असते, ९ व्होल्टची बॅटरी किंवा अ‍ॅडॉप्टर. ती बॅटरी रिब चालू असताना मोजा. नुसती मोजली तर मेलेलीही नऊ दाखवते. लोडवर ७च्या खाली जात असेल तर बदला.

लॅपटॉप ते रिब केबल सरळ हवी. दोन कॉम्प्युटर जोडायची नल मोडेम केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात २ आणि ३ आत उलटलेले असतात. मल्टिमीटरच्या बझरवर २ ते २, ३ ते ३, ५ ते ५ वाजलं पाहिजे. रिबच्या बाजूला पंचवीस पिनांचा कनेक्टर असेल तर तिथे हा हिशोब बदलतो: नऊ पिनांचा २ पंचवीसच्या ३ वर, ३ पंचवीसच्या २ वर आणि ग्राउंड ५ वरून ७ वर जातो. हे उलटं वाटलं तरी तीच सरळ केबल आहे. ती ‘दुरुस्त’ करू नका.

आयकॉमसारख्या, एकाच तारेवर दोन्ही बाजूंचं बोलणं चालणाऱ्या केबलची एक सोपी चाचणी आहे. केबल लॅपटॉपला लावा, सेट लावू नका, हायपरटर्मिनलमध्ये टाइप करा. अक्षरं परत उमटली तर आतला सर्किट जिवंत आहे. केनवुडसारख्या, येण्या-जाण्याच्या तारा वेगळ्या असलेल्या केबलीत सेटच्या टोकाला त्या दोन तारा जोडून हीच चाचणी करा. इथपर्यंत पास झालं तर लॅपटॉप, पोर्ट आणि केबल तिन्ही निर्दोष. आता सेट.

टप्पा ७: सेट जोडा, वाचा, जपून ठेवा

क्रम असा: सगळं बंद. लॅपटॉपला केबल, स्क्रू घट्ट. मग रिब. मग सेट. गाडीतला सेट असेल तर त्याच्या सप्लायचा उणे आधी, अधिक नंतर. आता लॅपटॉप चालू, रिब चालू, सेट चालू आणि शेवटी सॉफ्टवेअर.

फक्त वाचा. लिहायच्या बटणाकडे अजून बघू नका.

वाचलेली फाइल सेटच्या सिरियल नंबरच्या नावाने जपा. सेट बंद-चालू करून पुन्हा वाचा आणि दुसऱ्या नावाने जपा. दोन्हींतली चॅनलं, टोन (जुळला तरच पलीकडे आवाज उघडतो तो सिग्नल), पॉवर डोळ्याखालून घाला. फरक दिसला तर जोड अजून कच्चा आहे, आणि असा जोड लिहिताना दगा देतो.

एका सेटची फाइल दुसऱ्यात सरसकट टाकू नका. मॉडेलचं नाव तेच असलं तरी बँड आणि चॅनलांची संख्या वेगळी असू शकते. प्रत्येक सेट वाचायचा, त्याच्याच फाइलमध्ये बदल करायचा, त्याच्यातच लिहायचा. दहा सेट असले की कंटाळा येतो, मान्य.

पहिल्यांदा लिहिताना एकच चॅनल बदला. लिहिणं चालू असताना केबलला, सेटच्या बटणांना, लॅपटॉपच्या झाकणाला हात नाही. झाल्यावर परत वाचून बदल उतरला का बघा. मग बाकीची चॅनलं. शेवटी डमी लोडवर, कमी पॉवरवर, पलीकडचा सेट ऐकतो का ते तपासा. टोन एकात भरला आणि दुसऱ्यात विसरला तर सेटवरची लाइट लागते पण आवाज येत नाही, तो पोर्टचा दोष नाही.

एरर आल्यावर कुठे बघायचं?

मोटोरोलाच्या डॉस सॉफ्टवेअरमध्ये सिरियल बस फेल झाल्याची आणि जोडण्या तपासण्याची सूचना वारंवार येते. वरचे टप्पे पास झाले असतील तर ती आता तीनच ठिकाणांहून येऊ शकते: मशीनचा वेग, रिबची पॉवर किंवा सेटच्या बाजूचे काँटॅक्ट. हँडसेटच्या काँटॅक्टवर घामाचा आणि धुळीचा थर असतो. अल्कोहोलने पुसा, मग बोला.

वाचतो पण लिहीत नाही: सेटची बॅटरी मोजा, लिहिताना ती जास्त ओढली जाते. ती चांगली असेल तर सेटला पासवर्ड लावलेला आहे का बघा. तो मूळ मालकाकडूनच मिळवायचा.

सकाळी चालतं, दुपारी नाही: मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो. पत्र्याखालच्या दुकानात जुना लॅपटॉप तापून वेग कमी-जास्त करतो आणि भेगाळलेले सांधे उघडतात. पंख्याची जाळी साफ करा आणि काम सकाळी उरका.

थोडा वेळ थांबलं की तुटतं: बायोस आणि विंडोज दोन्हीतली वीज बचत बंद करा.

पोर्ट खरंच मेला असेल तर

विंडोजच्या सॉफ्टवेअरसाठी यूएसबी ते सिरियल केबल चालते. एफटीडीआय कंपनीच्या चिपची घ्या. स्वस्तातल्या प्रोलिफिक म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलींत नकली चिप फार येतात, आणि नवा ड्रायव्हर त्यांना ओळखून ‘कोड १०’ दाखवत नकार देतो. यूएसबी केबल लावली की तिला कॉम१ ते कॉम४ मधला नंबर द्या, कारण जुनं सॉफ्टवेअर कॉम७, कॉम१२ दाखवतच नाही. एफटीडीआयच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे देण्याआधी थांबायची वेळ) १६ मिलिसेकंद असतो, तो १ करा. टप्पा ५ची मोजणी हिच्यावरही करा, काही केबली नुसते ० ते ५ व्होल्ट देतात.

डॉसच्या सॉफ्टवेअरला यूएसबी केबल दिसत नाही. तिथे दुसरा लॅपटॉप शोधणं किंवा पोर्टची ड्रायव्हर चिप बदलून घेणं, एवढंच उरतं.

काम झाल्यावर फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, पोर्टला प्लास्टिकचं झाकण लावा आणि लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा: बायोसमध्ये कॉम१, इन्फ्रारेड बंद, सीमॉस सेल बदलल्याची तारीख, आणि कोणती केबल या मशीनवर चालते.